दहीभातातली गोळी

१० जून, मंगळवार, सकाळी साडेदहा. हजर: मी, माझा नवरा, सासूबाई, कुत्रा आणि डॉक्टरीणबाई. सासूबाईंना हजर राहायचं नव्हतं. पण डॉक्टरीणबाईंनी फोनवर बजावलं होतं की, जी जी व्यक्ती या कुत्र्याला औषध देते ती ती समोर बसली पाहिजे, नाहीतर येऊच नका.

दवाखाना पेरुंगुडीला, कंपन्यांच्या काचेच्या इमारतींमागच्या गल्लीत. तिथे फक्त मेंदूचे, मणक्याचे आणि नसांचे आजार असलेली जनावरं येतात. त्या दिवशी बाकावर एक लांबट, आखूड पायांचा कुत्रा होता, त्याच्या मागच्या पायांना चाकांची गाडी बांधलेली. सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे पाहिलं आणि पदर आवरून बाकाच्या अगदी टोकाला बसल्या. मैलापूरहून येताना गाडीत कुणी कुणाशी बोललं नव्हतं. नवरा बोलला, तोही पुढच्या बसशी.

आमचा कुत्रा म्हणजे काही जातिवंत नव्हे. मी गिंडीला एका छोट्या कारखान्यात स्टोअर्स सांभाळते. सहा वर्षांपूर्वी गेटजवळच्या लोखंडी भंगारात हे पिल्लू सापडलं. सुरक्षारक्षक म्हणाला, "मॅडम, उद्या क्रेन येणार आहे." मी ते खोक्यात घालून घरी आणलं. सासूबाईंनी त्याच दिवशी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर रांगोळीची एक रेघ ओढली, ती आजतागायत रोज ओढली जाते. कुत्रा ती ओलांडत नाही. मी अनेकदा ओलांडते, त्याबद्दल बोलणी खाते.

माझं माहेर सोलापूरचं, सासर तंजावरकडच्या मराठ्यांचं. लग्नाला बावीस वर्षं झाली. त्यांची मराठी मला आता कळते, पण भांडणात ती त्यांच्या बाजूला उभी राहते आणि माझी मराठी माझ्या. सासूबाई तमिळ लिहितात. देवनागरी त्यांना येते ती स्तोत्रांच्या पोथ्यांमुळे; अक्षराखाली बोट ठेवून, एक शब्दही न गाळता वाचतात. हे पुढे महत्त्वाचं आहे म्हणून आत्ताच लिहून ठेवते.

पहिली आकडी जानेवारीतल्या एका रविवारी दुपारी आली. कुत्रा झोपाळ्याखाली झोपला होता. अचानक मान मागे ताणली गेली, चारही पाय सायकल चालवल्यासारखे हलायला लागले, तोंडाला फेस आला, लघवी झाली. मी घड्याळ बघितलं. नवरा त्याचं तोंड धरायला गेला.

"हात लावू नकोस, चावेल," मी म्हणाले.

"मरतोय तो!"

"मरत नाहीये. पन्नास सेकंद झालेत. टेबल बाजूला घे."

सासूबाई पाय वर घेऊन झोपाळ्यावर बसलेल्या. त्या म्हणाल्या, "अय्यो, घरांत हें कसलं आणलीस मा तू?" सहा वर्षांनंतर हा प्रश्न.

मैलापूरच्या नेहमीच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या. लिव्हर ठीक, साखर ठीक. फेब्रुवारीत आणखी दोन आकड्या आल्या तेव्हा त्यांनी हात वर केले आणि पेरुंगुडीची चिठ्ठी दिली. चिठ्ठी देताना म्हणाले, "बाई फार हुशार आहेत. बोलण्याचं मनावर घेऊ नका."

मी घेतलं. डॉक्टरीणबाई माझ्यापेक्षा दहा वर्षांनी तरी लहान. पहिल्या भेटीत माझ्याकडे बघितलंच नाही. कुत्र्याला बाहेरच्या पॅसेजमध्ये सरळ चालवलं, मग गोल, मग उलट. त्याचा एकेक पंजा उचलून उलटा टेकवला. तो किती पटकन सरळ करतो ते पाहिलं. डोळ्यांत बॅटरी मारली. छोट्या हातोडीने गुडघ्यावर टकटक केलं. मी मधे काहीतरी सांगायला गेले.

"तुम्ही थांबा. तो सांगतोय," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं ते मी लिहून घेतलं. दोन आकड्यांच्या मधल्या काळात मेंदूचं काम पूर्ण व्यवस्थित दिसतं. वय, लक्षणं आणि रक्ताचे रिपोर्ट पाहता ही अपस्मारासारखी गोष्ट आहे. भूल देऊन एमआरआय करता येईल, पण आधी गोळी चालू करून बघू. गोळी दिवसातून दोनदा, बरोबर बारा तासांच्या अंतराने. एकदाही चुकवायची नाही. चुकवली तर ती गोळीच आकडीला बोलावणं धाडते, कारण मेंदूला तिची सवय झालेली असते. चुकलेली गोळी दुसऱ्या वेळी दुप्पट करून द्यायची नाही.

"माझ्याकडे चुकणार नाही," मी म्हणाले.

"सगळे असंच म्हणतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि पुढच्या मांजराला आत बोलावलं.

घरी आल्यावर मी कागद तयार केला. वेळ: सकाळी आठ आणि रात्री आठ. मी सातला गिंडीला निघते, नवरा त्याच्याही आधी त्याच्या गाड्यांच्या कारखान्याच्या बसने जातो, म्हणून सकाळची गोळी सासूबाई देणार. रात्रीची मी देणार, जबडा उघडून थेट घशात. सासूबाईंना ते जमणार नव्हतं आणि कुत्र्याच्या तोंडात हात घालणं त्यांच्या सोवळ्यात बसत नव्हतं. त्यांच्यासाठी कागद मोठ्या अक्षरांत, मराठीत, फ्रिजवर लावला.

पहिल्याच आठवड्यात मला झोपाळ्याखाली एक गोळी सापडली. थुंकलेली, केळ्याच्या गराने माखलेली.

"केळ्यांत दिलें," सासूबाई म्हणाल्या. "खाल्लं बघ, म्हणालें मी."

"गोळी खाली पडलीय, आई. केळं खाल्लं, गोळी नाही खाल्ली."

"मज काय ठावुक, त्याच्या पोटांत गेली का भुईवर?"

"बघायचं असतं!"

"तुझ्या बापाला बघ म्हण."

मी त्याच क्षणी लाल पेन घेतलं. नियम चौथा: गोळी फक्त दहीभाताच्या घासातूनच द्यायची. दुसऱ्या कशातूनही नाही. कोणत्याही परिस्थितीत नाही. खाली दोन रेघा मारल्या. दहीभात तो चावत नाही, गिळतो. त्या घरात सकाळी दहीभात नाही असं होत नाही. माझा नियम बरोबर होता. सासूबाईंनी बोट ठेवून तो वाचला, दोनदा वाचला आणि तमिळमध्ये म्हणाल्या, "सरि." म्हणजे ठीक.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात घरात आणखी एक कागद झाला. सासूबाई म्हणत होत्या, हे कुत्रं घरात नको; फेस, लघवी, किंचाळणं, त्यात त्या दिवसभर एकट्या. नवरा आईचं ऐकून माझं ऐकत होता आणि माझं ऐकून आईचं. शेवटी मीच म्हणाले, लिहून काढू. तीन महिने औषध द्यायचं, मी सांगेन तसं. १२ जूनपर्यंत आकड्या आटोक्यात आल्या नाहीत तर कुत्रा शहराबाहेरच्या आश्रयगृहात जाईल. तिथे मी एकदा जाऊन आले होते. पिंजरे स्वच्छ होते. बाराबारा तासांनी गोळी देणारं कुणी नव्हतं, हे मला तिथेच कळलं होतं. तरी मी सही केली, कारण माझा औषधावर आणि माझ्या कागदावर विश्वास होता. नवऱ्याने सही केली. सासूबाईंनी तमिळमध्ये केली. कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला.

२६ मार्चला संध्याकाळी आकडी आली. ८ एप्रिलला आली. २४ एप्रिलला, एकापाठोपाठ दोन. ८ मेला आली.

या सगळ्या वेळी घरात फक्त सासूबाई होत्या. आकडी किती वेळ चालली ते मला सेकंदांत हवं होतं. घड्याळ त्यांच्या डोक्यावरच टांगलेलं आहे. पण त्या मोजायच्या श्लोकांत. आकडी सुरू झाली की त्या स्तोत्र म्हणायला लागायच्या आणि थांबली की थांबायच्या. फोनवर म्हणायच्या, "चौदा श्लोक झालें." मी एका रविवारी हातात घड्याळ घेऊन त्यांना चौदा श्लोक म्हणायला लावले. त्यांनी मुद्दाम हळू म्हटले असं मला आजही वाटतं.

माझ्या तक्त्यात नऊ रकाने होते. तारीख, वार, वेळ, किती वेळ, कोणते पाय, शुद्ध कधी आली, जेवला होता का, बाहेर फटाके किंवा ढोल होता का आणि दुसऱ्या दिवशीची चाल. हा शेवटचा रकाना मी स्वतःहून घातला होता, कारण प्रत्येक आकडीच्या दुसऱ्या दिवशी कुत्रा झिंगल्यासारखा चालायचा. मागचे पाय एकमेकांत अडकायचे. भिंतीला टेकून उभा राहायचा. मला ते आकडीचंच शेपूट वाटलं. फ्रिजवरच्या कागदावर सकाळच्या गोळीचा चौकोन रोज भरलेला असायचा, सासूबाईंच्या निळ्या पेनने, बरोबरच्या खुणेने. आणि दर रविवारी मी पट्टीतल्या गोळ्या मोजायचे. स्टोअर्समध्ये तेच करते: कागदावरचा आकडा आणि फळीवरचा माल. एकदाही तफावत आली नाही.

म्हणून मी ठरवलं की औषध चुकीचं आहे. डॉक्टरीणबाईंना तसं कळवलं, जरा कडक शब्दांत. त्यांनी दोनदा रक्त तपासून औषध किती चढलंय ते पाहिलं. प्रमाण एकदा कमी आलं, एकदा जास्त.

"गोळी वेळेवर जात नाहीये," त्या फोनवर म्हणाल्या.

"अशक्य आहे. माझ्याकडे रोजची नोंद आहे."

"नोंद कुत्रा खात नाही."

मी फोन ठेवला. ६ जूनला पुन्हा आकडी आली. १२ तारखेला सहा दिवस उरले होते. तेव्हा मी पुन्हा फोन केला आणि त्या म्हणाल्या, सगळ्यांना घेऊन या.

तर १० जून. टेबलाच्या एका बाजूला डॉक्टरीणबाई, समोर आम्ही तिघं, खाली फरशीवर कुत्रा. मी तक्ता ठेवला. त्यांनी तो ओढून घेतला आणि नवऱ्याकडे पाहिलं.

"गोळी तुम्ही देता?"

"नाही. म्हणजे, मी कधी..." नवरा म्हणाला.

"मग तुम्ही कशाला आलात?"

"गाडी चालवायला," मी म्हणाले.

नवऱ्याने माझ्याकडे असं पाहिलं की एरवी मी काहीतरी बोलले असते. डॉक्टरीणबाई तारखांवरून पेन्सिल फिरवत होत्या. त्या तमिळमध्ये म्हणाल्या, कदाचित सासूबाईंना कळावं म्हणून: "दर पंधरा दिवसांनी. तेरा, सोळा, चौदा. मग मेमध्ये एक खाडा आणि पुन्हा. मेंदू असं कॅलेंडर बघून आजारी पडत नाही. तुमच्या घरात दर पंधरा दिवसांनी काय होतं?"

"काही होत नाही," मी म्हणाले.

"कुणी येतं? काही फवारता? गच्चीची टाकी धुता?"

"काहीही होत नाही. मी घरात राहते, मला माहीत आहे."

"तुम्ही गिंडीला असता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तारखा मोठ्याने वाचा."

मी वाचल्या. सव्वीस मार्च. आठ एप्रिल. चोवीस एप्रिल. आठ मे.

सासूबाई बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत होत्या. सहा जूनपर्यंत मी पोचलेही नव्हते. त्या म्हणाल्या, "अस्कं एकादशी."

अस्कं म्हणजे सगळं. सगळ्या एकादश्या.

डॉक्टरीणबाईंनी पेन्सिल खाली ठेवली. त्यांना अर्थ तमिळमध्ये सांगावा लागला नाही. मैलापूरकडे दवाखाना असो वा पेरुंगुडीकडे, एकादशी कुणाला माहीत नाही? त्यांनी सरळ सासूबाईंना विचारलं, "अम्मा, एकादशीला गोळी कशातून देता?"

"एकादशीला भात कुठला? घरांत भात शिजत नाहीं, रव्याचा उपमा होतो."

"मग गोळी?"

"द्वादशीला देते. सकाळीं पारणं होतें, अगस्तीचा पाला, आवळा, दहीभात. दोन घास करते, दोन गोळ्या."

आता सगळं जागच्या जागी बसलं. एकादशीच्या सकाळची गोळी नाही, संध्याकाळी आकडी. द्वादशीला दोन गोळ्या एकदम, मग झिंगलेली चाल. रविवारपर्यंत पट्टीतला हिशेब जुळलेला. निळ्या पेनची खूण.

"आई!" मी ओरडले. कुत्रा दचकून उभा राहिला. "चौकोनात खूण का केलीत मग? गोळी न देता खूण?"

"दुसऱ्या दिवशीं देणारच होतें की. रिकामा चौकोन पाहिलीस तर घर डोक्यावर घेतेस."

"तो मरेल! तुम्ही त्याला मारताय, कळतंय का? तीन महिने मारताय! तुम्हाला तो घरात नकोच होता!"

हे मी दवाखान्यात, दार उघडं असताना, चाकांच्या गाडीवाल्या कुत्र्याच्या मालकिणीसमोर बोलले. हे मी बोलले याची नोंद असावी.

सासूबाईंनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "चौथा नियम म्हण."

"काय?"

"तूच लिहिलीस. लाल शाईंत. म्हण."

त्यांनीच म्हटला, स्तोत्रासारखा, एक शब्द न गाळता. फक्त दहीभाताच्या घासातूनच. दुसऱ्या कशातूनही नाही. कोणत्याही परिस्थितीत नाही.

"मज वाटलं, तुज एकादशी ठावुक असेल," त्या पुढे म्हणाल्या. "बावीस वर्षं त्या घरांत उपमा खातेस."

नवरा घसा खाकरून म्हणाला, "तेवीस मेला आकडी नव्हती. ती पण एकादशी असेल ना?"

"तेवीसला ही रजेवर होती," सासूबाई म्हणाल्या. "नळवाला यायचा होता. हिनं दिलं, हातानं."

डॉक्टरीणबाईंनी तक्त्यावर तेवीस मे लिहून त्याभोवती गोल काढला आणि तक्ता मला परत दिला. म्हणाल्या, "औषध बरोबर आहे, मात्राही बरोबर आहे. आता साठ दिवस एकही चुकवू नका, मग बोलू. एमआरआय सध्या नको." मग जरा थांबून, "कागद चांगला केलाय. फक्त कागदाने स्वयंपाकघर बघितलेलं नाही."

मला त्या बाईचा मनापासून राग आला. अजून आहे.

परतताना गाडीत सासूबाई पुढे, मी आणि कुत्रा मागे. मध्य कैलाशच्या सिग्नलला मी म्हणाले, "विचारता आलं असतं, आई. एक फोन."

"केलें होतें."

"कधी?"

"पहिल्या एकादशीला. सकाळीं."

मला आठवलं नाही, मग आठवलं. मार्च अखेर, स्टोअर्समध्ये मालाची मोजदाद चाललेली, एका हातात यादी, खांद्यावर फोन. सासूबाई म्हणत होत्या, "आज त्याला कशांतून..." आणि मी म्हणाले होते, "आई, सगळं कागदावर आहे. कागद वाचा." आणि फोन ठेवला. संध्याकाळी आकडी आली तेव्हा मी ती नऊ रकान्यांत भरली. फोनचा रकाना नव्हता. त्या दिवशी जेवायला उपमा होता, हेही मला माहीत होतं. त्याचाही नव्हता.

सिग्नल सुटला. सासूबाईंनी मान वळवली नाही.

हे मी समजुतीने लिहीत नाहीये. आजही मला वाटतं की त्यांना कळत होतं. सगळ्या पंचांगाचा हिशेब बोटांवर करणाऱ्या बाईला पाच आकड्या आणि पाच एकादश्या जुळवता आल्या नाहीत, हे मी मानत नाही. तारखा मी वाचल्या तेव्हा त्यांना क्षणभरही लागला नाही. पण मी विचारलं नव्हतं आणि न विचारता त्यांनी सांगायचं तर मी काय बोलले असते तेही मला ठाऊक आहे. त्या मला माझ्याच कागदाने हरवत होत्या, की खरंच फक्त कागद पाळत होत्या, हे त्या मेल्या तरी सांगणार नाहीत.

१२ जूनला मी कपाटाचं दार उघडलं आणि म्हणाले, मुदत वाढवायची. चूक सापडली, औषध बरोबर आहे, डॉक्टरांनी साठ दिवस मागितलेत.

"वाढव," सासूबाई म्हणाल्या. "पण आधीं लिही."

"काय लिहू?"

"'चौथा नियम चुकीचा होता. मी लिहिला होता. फोन आला, मी ठेवला.' असं तुझ्या हातानं लिही, लाल शाईंत, फ्रिजवर. मग मी सही करते. मग गोळीही मीच देते, आठाच्या ठोक्याला."

"आणि नाही लिहिलं तर?"

"मग त्या गोळीला मी हात लावत नाहीं. उद्यां काय झालं तर पुन्हां उघड्या दारांत मज खुनी म्हणशील."

नवरा म्हणाला, "लिहून टाक ना. एक ओळ आहे."

"तू लिही."

"माझा नियम आहे का?"

मुदतवाढीवर सही झाली नाही, पण कुत्र्याला हलवायचंही कुणी काढलं नाही. त्या दिवसापासून दोन्ही वेळा मीच देते. वेळ बदलून साडेसहा केली, सकाळी आणि संध्याकाळी; बदल दहा-दहा मिनिटांनी, डॉक्टरीणबाईंना विचारून, तोवर कामावर उशिरा जाऊन. साडेसहाला घरी पोचायचं म्हणून रोज साडेपाचला गिंडीहून पळते. साहेब दोनदा बोलले. जूनमधल्या दुसऱ्या एकादशीला आकडी नाही. ६ जुलैच्या मोठ्या एकादशीलाही नाही. कुत्रा सरळ चालतो. सासूबाई त्याच्याशी बोलत नाहीत, पण परवा मी अंघोळीला गेले तेव्हा बाहेरून आवाज आला, "पावम, तुझ्यावर कसला राग?" पावम म्हणजे बिचारा. मी बाहेर आले तेव्हा त्या भाजी निवडत होत्या.

आज १९ जुलै, शनिवार. सोमवारपासून कारखान्यात तिमाही मोजदाद आहे. आठपर्यंत स्टोअर्स सोडता येणार नाही. नवऱ्याची बस पावणेआठला येते. त्या आठवड्यात संध्याकाळी साडेसहाला घरात एकच माणूस असेल. आणि सोमवारी एकादशी आहे.

दुपारी मी सासूबाईंना विचारलं, "एकादशीला कशातून देता येईल?" मान खाली ठेवून विचारलं, एवढं मी केलं.

"उपम्यांत," त्या लगेच म्हणाल्या. "कांदा नसतो त्यांत. घट्ट गोळा केला तर तें चावत नाहीं, गिळतं. मी पाहिलंय."

म्हणजे हेही त्यांना माहीत होतं.

"मग सोमवारी..."

"लिहिलीस का?" त्यांनी विचारलं.

नवा कागद तयार आहे. वेळा, नऊऐवजी दहा रकाने, दहावा तिथीचा. एक ते तीन नियम जुन्यासारखेच. पाचवा: एकादशीला उपम्याच्या घट्ट गोळ्यातून. सहावा: शंका आली तर फोन करावा, फोन घेतला जाईल. चौथ्याच्या जागी एक ओळ मोकळी ठेवलीय. लाल पेन आणलं, चालतं का ते वर्तमानपत्रावर रेघ ओढून पाहिलं. चालतं.

कागद टेबलावर आहे. फ्रिजवर जुनाच आहे. बाकी सगळ्या कामांवर आज खूण झाली: गोळ्या आणणे, रक्त तपासणीची वेळ घेणे, साहेबांना कळवणे. एक ओळ लिहायची राहिली आहे.